लोरेन्झो स्नो : ब्रिगहॅम सिटी वसवणारे प्रेषित आणि त्यांचे सहकारी मंडळ

वाळवंटी पाऊस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी अमेरिकेतील युटा राज्यात राहतो. सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेकडे तासाभराच्या अंतरावर ब्रिगहॅम सिटी नावाचे पीचच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले एक लहानसे गाव आहे, आणि तेथील दफनभूमीत लोरेन्झो स्नो यांची कबर आहे. मॉर्मन पंथाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना बहुपत्नीत्व तेवढे आठवते, आणि फार तर पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ व त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग ही दोन नावे. स्नो हे या पंथाचे पाचवे अध्यक्ष होते. परंतु मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते एका वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी वसवलेल्या गावाने दहा-पंधरा वर्षे आपले कापड, कातडे, जोडे, टोप्या, विटा, लोणी आणि लाकडी सामान बहुतांशी स्वतःच तयार केले, आणि तो सगळा व्याप एका धर्मगुरूच्या हाताखाली चालला. हे कसे जमले आणि पुढे का मोडले, हा प्रश्न मला बराच काळ सतावतो आहे.

आधी थोडे चरित्र. स्नो यांचा जन्म ३ एप्रिल १८१४ रोजी ओहायोतील मॅन्चुआ येथे, बाप्तिस्त वळणाच्या शेतकरी घरात झाला. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी बहीण एलायझा कवयित्री होती आणि तीच या पंथात आधी आली. भाऊ मात्र ओबर्लिन कॉलेजात शिकायला निघाला होता. वाटेत डेव्हिड पॅटन या मॉर्मन प्रेषिताशी त्याची गाठ पडली, त्यांच्या गप्पा झाल्या, आणि पुढे एलायझाच्या आग्रहावरून तो पंथाचे तेव्हाचे केंद्र असलेल्या ओहायोतील कर्टलंड येथे हिब्रू शिकायला गेला. तेथे जून १८३६ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ओहायो, मिसुरी, केंटकी आणि इलिनॉय या भागांत खिशात पैसा न ठेवता केलेली पायपीट, १८४० मध्ये इंग्लंडचा प्रवास, लंडनमधील प्रचार, आणि १८४३ मध्ये सुमारे अडीचशे स्थलांतरितांना घेऊन जहाजाने परतणे, असा क्रम आहे. जून १८४४ मध्ये कार्थेज येथे जमावाने जोसेफ स्मिथ यांची हत्या केली. फेब्रुवारी १८४६ मध्ये इलिनॉयमधील नॉवू हे मॉर्मनांचे शहर सोडून पश्चिमेकडे निघालेल्या लोकांत स्नो होते. आयोवातील माउंट पिस्गा या वाटेवरच्या तळाची व्यवस्था काही काळ त्यांच्याकडे होती. आजारी, उपाशी आणि खचलेल्या माणसांना कामाला लावून तळ चालता ठेवण्याचा अनुभव त्यांना तेथे मिळाला. माझ्या मते ब्रिगहॅम सिटीचे मूळ तेथेच आहे.

१८४८ मध्ये ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले, फेब्रुवारी १८४९ मध्ये बारा प्रेषितांच्या, म्हणजे पंथाच्या वरिष्ठ नेत्यांच्या, मंडळात घेतले गेले, आणि त्याच वर्षी इटलीला धाडले गेले. पीडमाँटच्या डोंगरांतील वाल्डेन्सियन या जुन्या प्रोटेस्टंट समाजात त्यांनी काम केले. यश तुटपुंजेच मिळाले. १८५२ मध्ये ते परतले, आणि १८५३ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी त्यांना पन्नास कुटुंबांसह बॉक्स एल्डर येथील वसाहत उभी करण्यास सांगितले. आधीपासून तेथे थोडी वस्ती होती, परंतु ती विस्कळीत होती. नव्या गावाला स्नो यांनी आपल्या नेत्याचे नाव दिले.

सहकारी मंडळाची सुरुवात १८६४ मध्ये झाली आणि तीही एका साध्या दुकानापासून. स्नो आणि आणखी तिघांनी मिळून अवघे तीन हजार डॉलर भांडवल उभे केले. नफा रोखीने वाटायचा नाही, दुकानातल्या मालाच्या रूपाने द्यायचा, आणि शिल्लक पुढच्या उद्योगात घालायची, असा त्यांचा हिशेब होता. दुकान बऱ्यापैकी चालू लागल्यावर कातडी कमावण्याचा कारखाना काढला. शेतकऱ्यांना हिवाळ्यात काम नसते. त्या दिवसांत त्यांनी इमारत बांधायची आणि मजुरीऐवजी मंडळाचे भाग घ्यायचे. कातडे तयार झाले म्हणजे जोडे आणि खोगिरे करणारे विभाग काढायचे. त्यानंतर १८७० च्या सुमारास सुमारे पस्तीस हजार डॉलर खर्चाची लोकरीची गिरणी उभी राहिली आणि तिला लोकर पुरवण्यासाठी मेंढ्यांचे कळप आले. गाईंचा गोठा व चीजचा कारखाना निघाला. कापसासाठी तर युटाच्या दक्षिण टोकाला, कित्येक दिवसांच्या प्रवासावर, स्वतंत्र शेत घेऊन तेथे गावातली तरुण मुले पाठवली गेली. एक विभाग वाटसरू भटक्यांसाठी होता, म्हणजे लाकडे फोडा आणि जेवा.

१८७३ च्या आर्थिक संकटात देशभर बँका कोसळत असताना या गावाला तुलनेने कमी झळ बसली. ते पाहून यंग यांनी १८७४ मध्ये युटाभर ‘युनायटेड ऑर्डर’ नावाचे सामुदायिक प्रयोग सुरू केले. त्यांतले बहुतेक थोड्या वर्षांत मोडले.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

खतावणी

लेख आवडला. परंतु ‘सहकारी’ हा शब्द वापरण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात. माझे सारे आयुष्य संस्थांच्या हिशेबतपासणीत गेले, म्हणून हा खडूसपणा. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढले, तेव्हा सभासदाकडे भाग कितीही असोत, मत एकच, हे तत्त्व त्यांनी पाळले. आपल्या लेखातील मंडळात मताधिकार कोणता होता? संचालक कोण निवडत होते? मजुरी मालाच्या रूपाने देणे म्हणजे कामगाराला मालकाच्या दुकानाशी बांधून ठेवणे होय, आणि खाणमालकांनी हाच प्रकार अनेक ठिकाणी केलेला आहे. ज्या गावात दुकानाचा अध्यक्ष, चर्चचा प्रमुख आणि विधिमंडळातील प्रतिनिधी एकच व्यक्ती असते, तेथे एखाद्या सभासदाने सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारला असेल, असे मला तरी वाटत नाही.

वाळवंटी पाऊस (धागाकर्ता)

खतावणी, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो पुरता खोडू शकत नाही. १८७० मध्ये मंडळाची रीतसर नोंदणी झाली, पुढे शेकडो भागधारक झाले, आणि संचालकांची निवड कागदोपत्री होत असे; तरी अध्यक्ष स्नोच राहिले आणि चर्च, नगर व मंडळ या तिन्हींचे पदाधिकारी फिरून फिरून तेच होते. स्नो युटाच्या विधिमंडळातही दीर्घकाळ होते आणि वरच्या सभागृहाचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. १८७७ मध्ये तालुक्याएवढ्या धार्मिक विभागाचे अध्यक्षपद त्यांच्या थोरल्या मुलाकडे, ऑलिव्हर यांच्याकडे गेले. मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नसावी.

मजुरीच्या चिठ्ठ्यांविषयी मात्र दोन बाजू मांडाव्याशा वाटतात. मंडळ आपल्या छापील चिठ्ठ्यांवर, ज्यांना तिकडे स्क्रिप म्हणत, मजुरीचा मोठा भाग देत असे, हे खरे. परंतु त्या काळी त्या मुलुखात नाणे फारच दुर्मीळ होते. माल आणि मनुष्यबळ भरपूर, आणि देवाणघेवाणीला साधन नाही, अशी स्थिती होती. खाणमालकाचा नफा गावाबाहेर जाई, येथे तो पुढच्या कारखान्याच्या रूपाने गावातच राही. तरीही, मजुराला गाव सोडून जायचे असेल तर त्या चिठ्ठ्यांचा उपयोग शून्य, हा आपला मुद्दा उरतोच.

मंडळाला ग्रासणारा एक घाव याच चिठ्ठ्यांमधून आला. डिसेंबर १८७७ मध्ये लोकरीची गिरणी जळाली. गावाने ती काही महिन्यांत पुन्हा उभारली, पण त्यासाठी रोख रक्कम हवी होती आणि ती मिळवताना मंडळ आपल्या कुवतीबाहेरच्या कामांत गुंतले. १८७८ मध्ये संघराज्याच्या कर अधिकाऱ्याने चिठ्ठ्यांना चलन ठरवून सुमारे १०,२०० डॉलरची आकारणी केली. सॉल्ट लेकमधील चर्चच्या मोठ्या व्यापारी संस्थेवरही असाच कर बसला होता. ते प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मालाच्या रूपाने फेडण्याच्या चिठ्ठ्या या कराच्या कक्षेत येत नाहीत. न्याय मिळाला, परंतु तोपर्यंत ब्रिगहॅम सिटीतले बहुतेक विभाग विकले किंवा खासगी हातांत दिले गेले होते.

कृष्णाकाठ

आपण ‘वसाहत उभी केली’ असे लिहिता तेव्हा ती जमीन मोकळी पडली होती, असा समज होतो. बॉक्स एल्डरचा परिसर वायव्य शोशोनी लोकांचा होता. हिवाळी मुक्काम, गवताचे बी, मासे आणि शिकार यांवर त्यांचे वर्षाचे चक्र फिरत असे. वसाहतकारांची गुरे आली आणि बी देणारे गवतच गेले. २९ जानेवारी १८६३ रोजी कर्नल पॅट्रिक कॉनर यांच्या सैन्याने उत्तरेला बेअर नदीकाठी शोशोनी मुक्कामावर हल्ला करून शेकडो माणसे मारली, त्यांत बायका-मुलेही होती. मंडळाचे दुकान निघाले ते याच्या पुढच्या वर्षी. या दोन घटना एकाच चरित्रात शेजारी ठेवल्या पाहिजेत.

वाळवंटी पाऊस (धागाकर्ता)

मान्य आहे, आणि हे मूळ लेखात यायला हवे होते. हल्ल्याच्याच वर्षी, म्हणजे १८६३ मध्ये, ३० जुलैला शोशोनींबरोबरचा बॉक्स एल्डर तह झाला तोही ब्रिगहॅम सिटीतच. हत्याकांड संघराज्याच्या सैन्याचे होते, वसाहतकारांचे नव्हे, असा बचाव येथे कधीकधी ऐकू येतो. परंतु तेथवर गोष्ट ज्या भुकेमुळे आली, ती भूक वसाहतींनी निर्माण केली होती. शोशोनींशी लढण्यापेक्षा त्यांना खाऊ घालणे बरे, असे यंग यांचे धोरण होते. ते शहाणपणाचे होते, पण ज्यांची जमीन गेली त्यांना उपकारकर्ता आणि अपहारकर्ता एकच दिसणार, यात नवल नाही.

शब्दवेडी

स्नो यांच्या नऊ बायका आणि बेचाळीस मुले, हा तपशील आपण टाळला आहे असे दिसते. तो सनसनाटी म्हणून टाळला असेल तर समजू शकते, परंतु मग त्या नऊ स्त्रियांचे श्रमही हिशेबातून वगळले जातात. १८४५ मध्ये त्यांनी शार्लट स्क्वायर्स आणि मेरी अ‍ॅडलीन गोडार्ड यांच्याशी विवाह केला. शेवटची पत्नी मिनी जेन्सन, १८७१ मधील विवाहाच्या वेळी ते ५७ वर्षांचे आणि ती अल्पवयीन. धर्मप्रचारासाठी नवरा तीन-तीन वर्षे समुद्रापलीकडे असताना घरे कोणी चालवली? लोणी कोणी काढले, सूत कोणी कातले?

त्याच वेळी एक गुंतागुंतही नोंदवते. युटातील स्त्रियांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला आणि त्यांनी तो बजावला. बहुपत्नीत्वाला अद्दल घडवण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने तो काढून घेतला. स्त्रियांना मुक्त करण्याच्या नावाखाली त्यांचे मत हिरावले गेले, आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हाच ते परत आले. एलायझा स्नो ही स्वतः आधी जोसेफ स्मिथ यांची आणि नंतर ब्रिगहॅम यंग यांची पत्नी होती, स्त्रियांच्या संघटनेची अध्यक्ष होती आणि बहुपत्नीत्वाची ठाम समर्थकही होती. तिला अबला म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही.

सनद

शब्दवेडी यांनी कायद्याचा विषय काढलाच आहे, म्हणून थोडी भर घालतो. १८८२ च्या एडमंड्स कायद्यान्वये ‘बेकायदा सहवास’ हा गुन्हा ठरला, कारण गुप्तपणे झालेला विवाह सिद्ध करणे सरकारला अवघड जाई. नोव्हेंबर १८८५ मध्ये स्नो यांना त्यांच्या घरी अटक झाली. सरकारी वकिलांनी एकाच सहवासाचे १८८३, १८८४ आणि १८८५ असे तीन तुकडे करून तीन आरोपपत्रे ठेवली आणि प्रत्येकासाठी सहा महिने कैद व तीनशे डॉलर दंड झाला. ही युक्ती मान्य झाली असती तर वर्षांऐवजी महिन्यांचे, आठवड्यांचे तुकडे करून माणसाला आयुष्यभर तुरुंगात ठेवता आले असते.

मार्च १८८६ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते तुरुंगात गेले. राज्यपाल केलब वेस्ट यांनी तुरुंगात येऊन प्रस्ताव ठेवला की यापुढे हा कायदा पाळण्याचे वचन द्या, मी तुमच्या सुटकेसाठी प्रयत्न करतो. स्नो आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक कैदी यांनी तो नाकारला. फेब्रुवारी १८८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सहवास हा एकच सलग चालणारा गुन्हा आहे, त्याला कृत्रिमरीत्या तोडता येत नाही. अकरा महिन्यांनी ते बाहेर आले. सलग गुन्ह्याची चर्चा करताना अमेरिकी वकील या निकालाचा आधार पुढेही घेत राहिले.

जुनी छावणी

पुण्याच्या लष्कर भागात लहानपण गेल्यामुळे एक दुवा सांगण्याचा मोह आवरत नाही. इटलीत असतानाच स्नो यांनी हिंदुस्थानाकडे प्रचारक धाडण्याची सूत्रे हलवली होती. १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्स आणि विल्यम विलिस कलकत्त्याला आले, आणि १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरले. मुंबईत वर्तमानपत्रे आणि पाद्री यांचा विरोध झाला. फिंडले यांनी पुण्यात एक छोटी शाखा उभी केली, आणि तिचा भर मुख्यतः गोरे सैनिक व युरोपीय कुटुंबे यांवर होता. स्नो स्वतः माल्टापर्यंत आले होते आणि तेथून मुंबईला येण्याचा त्यांचा बेत होता. परंतु प्रवासाची सोय लांबत गेली आणि ते माल्टाहूनच माघारी फिरले. आले असते तर पुण्याच्या कॅम्पात त्यांचे एखादे व्याख्यान झाले असते! १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानातील हे काम बंद पडले आणि मोजकेच अनुयायी युटाला गेले. फिंडले पुढे बेअर लेकच्या परिसरात, म्हणजे ब्रिगहॅम सिटीपासून फार लांब नव्हे, शेती करीत राहिले.

मध्यान्ह

‘माणूस आज जसा आहे तसा देव एकेकाळी होता, देव आज जसा आहे तसा माणूस होऊ शकतो’, हे स्नो यांचे १८४० मधील प्रसिद्ध वचन. हे तर आपले अद्वैतच झाले!

वाळवंटी पाऊस (धागाकर्ता)

मध्यान्ह, मलाही प्रथम तसेच वाटले होते, पण थोडे वाचल्यावर मत बदलले. अद्वैतात भेद मुळातच खोटा आहे आणि ज्ञान झाले की जीवाचे वेगळेपण उरत नाही. मॉर्मन विचारात देवाला देह आहे, माणूस माणूसच राहून वाढत जातो, आणि त्याचे कुटुंब मृत्यूनंतरही त्याच्याबरोबर असते. तेथे विलीन होणे नाही, बढती आहे. कोणतेही काम पायरीपायरीने वाढवत नेता येते असे मानणाऱ्या माणसाला हेच वचन सुचावे, याची मला गंमत वाटते: दुकान, मग कातडे, मग जोडे, मग गिरणी.

‘जुनी छावणी’, आपल्या माहितीबद्दल मनापासून आभार. समुद्राशी स्नो यांचे फारसे जमत नसावे. १८६४ मध्ये हवाईतील लाहाइना बंदरात त्यांची होडी उलटली आणि ते जवळजवळ मेलेच होते. लोकांनी पिपावर लोळवून आणि तोंडाने श्वास देऊन त्यांना परत आणले. सहकारी दुकान निघाले ते त्याच वर्षी.

खतावणी

शेवटचा प्रश्न. गिरणी जळाली, कर बसला, कारखाने विकले, अध्यक्ष तुरुंगात गेले. मग पंथाच्या सर्वोच्च पदावर आल्यावर त्यांनी हाच प्रयोग पुन्हा का केला नाही?

वाळवंटी पाऊस (धागाकर्ता)

या प्रश्नासाठीच बहुधा मी धागा काढला. स्नो अध्यक्ष झाले ते सप्टेंबर १८९८ मध्ये, ८४ व्या वर्षी. पूर्वी एका अध्यक्षाच्या मृत्यूनंतर पुढचा नेमायला दोन-तीन वर्षे जात. आधीचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ २ सप्टेंबरला वारले आणि स्नो यांनी ११ दिवसांत नवी व्यवस्था लावली. कारण तिजोरीत होते. एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त केली होती, जप्तीच्या भीतीने लोकांनी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला, देणे कमी केले होते, आणि कर्ज दहा लाख डॉलरच्या वर गेले होते.

मे १८९९ मध्ये ते दुष्काळाने होरपळलेल्या सेंट जॉर्ज गावी गेले आणि तेथील सभागृहात त्यांनी सांगितले की प्रत्येकाने उत्पन्नाचा पूर्ण दशांश द्यावा. त्यांनी पावसाचे वचन दिले, अशी कथा आज सांगितली जाते. तिचा रंगलेला भाग त्यांच्या मुलाने कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतून आला आहे, म्हणून मी तिच्यावर भार देत नाही. परतीच्या वाटेवर गावोगावी त्यांनी हीच मागणी केली.

माझे उत्तर अंदाजाचे आहे. ब्रिगहॅम सिटीत त्यांनी माणसाचे श्रम, दूध, लोकर, मजुरी, सारेच एका मंडळात गुंफले होते. ती वीण त्यांच्या शब्दावर टिकत होती, आणि एक धागा जळताच सगळी सैल झाली. १८९९ मध्ये त्यांनी नवी गिरणी मागितली नाही, गोठा मागितला नाही. दहातला एक भाग द्या, उरलेल्या नऊंचे काय करायचे ते तुमचे तुम्ही पाहा, एवढेच मागितले. आपण म्हणता तो सर्वसाधारण सभेतला प्रश्न लोकांनी उघडपणे विचारला नसेलही, पण त्याचे उत्तर या मागणीत मला दिसते.

मंडळाचे दुकान, म्हणजे १८६४ मधले ते पहिलेच दुकान, सर्वांत शेवटी, १८९५ मध्ये बंद झाले होते. १० ऑक्टोबर १९०१ रोजी स्नो सॉल्ट लेक सिटीत न्यूमोनियाने वारले आणि त्यांचा देह ब्रिगहॅम सिटीला नेऊन पुरण्यात आला. चर्चचे कर्ज फिटल्याचे त्यांचे वारस जोसेफ एफ. स्मिथ यांनी एप्रिल १९०७ मध्ये जाहीर केले.